भिंतीत कुणीतरी आहे

३ मार्च, सोमवार

बाईंनी मला मागून घेतलं. हे कुठेतरी लिहून ठेवायला हवं, म्हणून ही वही.

झालं ते असं. मालिकेच्या पाचव्या आणि शेवटच्या वर्षाचं चित्रीकरण आज सुरू व्हायचं होतं. दिग्दर्शकाने सकाळीच जाहीर केलं की यानाची वाक्यं आता यंत्राने बाईंच्या कानात सोडायची, भिंतीमागे माणूस बसवायची गरज नाही. बाई मेकअपला बसल्या होत्या. तिथूनच म्हणाल्या, "मला भिंतच हवी." सगळे हसले. भिंत म्हणजे मी.

मालिकेत बाई कप्तान आहेत. यानात सहाशे माणसं थंड पेट्यांत झोपलेली, जागी फक्त ही एक बाई, आणि तिच्याशी बोलणारं यान. चित्रीकरणात यानाची वाक्यं मी म्हणतो, चार वर्षं, भिंतीमागे स्टुलावर बसून. प्रेक्षकांना ऐकू येतो तो आवाज माझा नसतो. एक नामवंत नट महिन्यातून एकदा येतो, एका दुपारी चार भाग उरकतो आणि जातो. त्याला आम्ही सोन्याचा गळा म्हणतो. माझं पुसून त्याचं भरतात. आयत्या बिळावर नागोबा.

घरी सांगितलं. ही म्हणाली, "चांगलं झालं. काम टिकलं." कामाचं मी बोलतच नव्हतो.

मग म्हणाली, "बाहेर जेवू या का आज?" नको म्हणालो. उद्याच्या वाक्यांचे कागद आले होते.

५ मार्च, बुधवार

भिंत प्लायवुडची आहे. बाहेरून करडा रंग, आतून कच्ची. सुताराच्या पेन्सिलीच्या खुणा अजून आहेत. माझ्या तोंडासमोर ताटलीएवढी गोल जाळी. तिला एकसष्ट छिद्रं आहेत. त्यांतून बाई अख्ख्या कधी दिसत नाहीत. एकात भुवई, एकात हनुवटी, दोनतीनांत मान. बाकीचं मी जोडतो.

या आधी एकोणीस वर्षं मी नाटकात प्रॉम्प्टर होतो. ज्यांच्या हाताखाली शिकलो ते म्हणायचे, "आपण वाक्य द्यायचं, अर्थ द्यायचा नाही. अर्थ दिलास तर नट तुझा अर्थ बोलेल." म्हणून मी कोरडं बोलतो. दुकानदाराने यादी वाचावी तसं.

लोक ही मालिका अवकाशासाठी बघत नाहीत. कप्तान आणि यान यांचं एकमेकांवर प्रेम आहे हे सगळ्यांना माहीत आहे आणि चार वर्षांत दोघांपैकी कुणीही ते बोललेलं नाही. कोण आधी बोलतं हे बघायला लोक बसतात. लेखिकेने पहिल्या दिवशी नियम घालून दिला होता: यानाला काहीही हवंसं वाटत नाही. ते सांगतं, मोजतं आणि होय म्हणतं. चार वर्षांत यानाने कशालाही नाही म्हटलेलं नाही.

प्रत्येक वाक्याला बाई जाळीकडे बघतात. जाळीखाली निळ्या चिकटपट्टीची फुली आहे, नजर कुठे ठेवायची ते कळावं म्हणून कॅमेरावाल्याने लावलेली. पण फुलीकडे बघणं आणि माणसाकडे बघणं यांतला फरक मला कळतो.

११ मार्च, मंगळवार

संध्याकाळी सातला आम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसतो. ही कप्तानाची वाक्यं वाचते, मी यानाची. चार वर्षांचा रिवाज. उद्या अडखळू नये म्हणून.

ही चष्म्याच्या दुकानात भिंगं घासते. दिवसभर चक्रावर वाकून भिंगाची कड फ्रेमच्या मापाची करायची, धुवायची, उजेडाकडे धरून बघायची. संध्याकाळपर्यंत डोळे लाल होतात. तरी बसते. वाचते बरी, पण बाईंसारखी थांबत नाही. मला मध्येच सांगावं लागतं, "इथे श्वास घे. लगेच बोलू नकोस. आधी माझ्याकडे, म्हणजे जाळीकडे, बघायचं."

"जाळी कुठाय?"

"समज."

तिने माझ्याकडे बघितलं. मी कागदात होतो, पण वेळ मोजत होतो. नजर फार लांबली. सांगितलं तसं.

१९ मार्च, बुधवार

भिंतीबाहेर बाई माझ्याशी आजवर नऊ वाक्यं बोलल्या होत्या. आज दहावं. जेवणाच्या सुट्टीत मी नळाशी हात धूत होतो. त्या मागून आल्या आणि म्हणाल्या, "आज बरं जमलं, नाही?"

हो म्हणालो.

त्यांनी "जमलं" म्हटलं. "मला जमलं" असं म्हटलं नाही.

रविवारी ही नदीवर फिरायला जाऊ म्हणत होती. नको म्हटलं, घसा सांभाळायचा आहे. नदीवर गार असतं.

२७ मार्च, गुरुवार

आज मी एक गोष्ट केली.

कप्तान विचारते, "तुला एकटं वाटतं का?" यान म्हणतं, "हा प्रश्न मला लागू नाही." बस एवढंच. मी "हा प्रश्न" म्हणून थांबलो. दोन मोजले. मग पुढचं म्हणालो.

तिसऱ्या ओळीच्या छिद्रात बाईंचा खालचा ओठ दिसत होता, तो किंचित हलला. पुढचं वाक्य आलंच नाही. दिग्दर्शकाने थांबवलं. बाई म्हणाल्या, "माफ करा, माझं चुकलं."

त्यांचं काही चुकलेलं नव्हतं. कुठे काय लागलं ते मला माहीत आहे.

२ एप्रिल, बुधवार

सध्या रोज एखाद्या ठिकाणी थोडं ठेवतो. फार नाही. एखादा श्वास. "होय" जरा उशिरा. बाई दचकतात, अडखळतात, पुन्हा करतात. चार वर्षं ही बाई एका टेकमध्ये सोडवणारी. आता पाचपाच लागतात. माझ्याच एका श्वासाने.

संध्याकाळी एक चमत्कारिक झालं. कप्तानाचं वाक्य होतं, "मी झोपायला जाते. दिवे राहू देत." हिने वाचलं, "मी झोपायला जाते. दिवे राहू देत. तू माझ्याकडे शेवटचं कधी बघितलंस?"

मी कागदावर खालीवर शोधलं. "हे कुठे आहे?"

"नाहीये का?"

"नाही."

"मग पुढच्या पानावर असेल."

पुढच्या पानावरही नव्हतं. ओळी सरकत असणार डोळ्यांसमोर. नंबर तपासून घे म्हणालो. चष्म्याच्या दुकानात वीस वर्षं आणि स्वतःचा नंबर माहीत नाही. दिव्याखाली अंधार.

९ एप्रिल, बुधवार

चौदा टेक.

आमच्या ध्वनिमुद्रकाला सगळे कानसेन म्हणतात. त्याला हेडफोनात माशी शिंकलेली ऐकू येते. दुपारी तो माझ्याजवळ येऊन बसला, आपला डबा उघडला आणि म्हणाला, "भिंतराव, तुम्ही गाताय."

"मी?"

"तुमच्या 'होय'मध्ये आठवडाभर घास अडकलेला आहे. भिंतीला कान असतात हे ऐकून होतो. आमच्या भिंतीला गळा फुटला."

मी हसण्यावारी नेलं.

"वहिनी बऱ्या आहेत ना?" त्याने विचारलं. तिचा काय संबंध, मला कळलं नाही. बरी आहे म्हणालो.

"दिग्दर्शकाच्या अजून लक्षात आलेलं नाही. त्याला वाटतंय बाई थकल्यात. मी बोलणार नाही. पण तुम्ही कोरडे व्हा."

कोरडे व्हा. जणू मी पावसात भिजून आलो होतो.

१० एप्रिल, गुरुवार

आज ते झालं. घाईत लिहितोय, अक्षर वाईट येणार.

प्रसंग असा: यानाचे दिवे जातात. कप्तान काळोखात भिंतीला हात लावून उभी राहते आणि विचारते, "इथे कुणी आहे का?" यानाचं उत्तर लिहिलेलं आहे: "तुमच्याखेरीज कुणीही जागं नाही."

बाईंनी हात खरंच भिंतीवर ठेवला, जाळीपासून वीतभर. माझ्या बाजूने प्लायवुडवर माझा हात होता. त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "मी आहे."

एकसष्ट छिद्रांत त्या कुठेही हलत नव्हत्या. मग दोन पावलं मागे गेल्या. आणि कप्तानाच्या नव्हे, स्वतःच्या आवाजात म्हणाल्या, "भिंतीत कुणीतरी आहे."

कॅमेरा चालू होता. त्या मेकअपच्या खोलीत गेल्या, दार लावून घेतलं. आजचं काम तिथेच बंद झालं. दिग्दर्शक माझ्याकडे बघून गेला. त्याला काय कळणार. गाढवाला गुळाची चव.

चार वर्षं. चार वर्षांनी त्या म्हणाल्या.

घरी हिला सांगितलं. मला वाटलं होतं सांगू नये, पण कुणाला तरी सांगायला हवं होतं. ही भांडी पुसत होती.

"त्या असं म्हणाल्या?"

"हो. भिंतीत कुणीतरी आहे."

"आणि आहेस का तू?"

"काय?"

"काही नाही. पानं घेते."

१४ एप्रिल, सोमवार

मला काढलं.

दिग्दर्शक म्हणाला, "तुमच्यावर राग नाही. पण बाई तुमच्यासमोर उभ्या राहायला तयार नाहीत." समोर मी कधी नव्हतोच, भिंत होती, असं म्हणणार होतो.

यंत्र आणायचं ठरलं होतंच. पण त्यात आवाज कुणाचा भरायचा? सोन्याच्या गळ्याला वेळ नाही. शिवाय त्याचं ऐकून बाईंना बोलता येत नाही. तो फार बोलतो, असं त्यांचं म्हणणं. मग कानसेनाने तोड काढली. पहिल्या वर्षाची माझी सगळी वाक्यं त्याने पुसायच्या आधी जपून ठेवली आहेत. होय. होय, कप्तान. हवा पुरेशी आहे. मला माहीत नाही. ती कापून, पुढेमागे जोडून या वर्षाची वाक्यं तयार करायची.

"म्हणजे तुम्हीच की," कानसेन म्हणाला. "तुमची जागा तुम्हालाच दिली. असा मान कुणाला मिळतो?"

सेटच्या दाराबाहेर लाल दिवा लागलेला असताना मी उभा राहिलो. आतून माझा आवाज आला. चार वर्षांपूर्वीचा, जरा सर्दट, यादी वाचल्यासारखा. मग बाईंचा. मध्ये कुठेही कुणी अडखळलं नाही.

पहिल्याच टेकला "ठीक" झालं.

तो मी नाही, असं कुणाला जाऊन सांगणार होतो.

१६ एप्रिल, बुधवार

सात वाजता ही सवयीने टेबलाशी येऊन बसली. कागद नव्हते. थोडा वेळ बसलो.

"जुना एखादा भाग वाचू या?" म्हणाली.

नको म्हणालो.

तरी दहाएक मिनिटं बसून होती. टेबलावरचा डाग नखाने खरवडत.

२२ एप्रिल, मंगळवार

कानसेनाचा फोन. शेवटचा भाग.

वीज इतकीच उरली आहे की एक तर पेट्यांतली सहाशे माणसं जगतील किंवा यानाची जाण. कप्तानाला यान विझवायचं आहे. ती कळेवर हात ठेवते. आत्तापर्यंतच्या कागदांत यान म्हणत होतं, "होय, कप्तान." लेखिकेने काल बदललं. आता यान आधी एक शब्द म्हणतं. "नको." मग थोडं थांबून "होय, कप्तान," आणि संपतं.

म्हणजे यानच आधी बोलतं.

"'होय'चे माझ्याकडे अडीचशे नमुने आहेत," कानसेन म्हणाला. "'नको' एकही नाही. चार वर्षांत यानाने म्हटलेलंच नाही. उद्या या आणि तेवढं म्हणून जा. भिंतीत नाही, माझ्या खोलीत. आणि कोरडं, भिंतराव. पहिल्या वर्षासारखं."

"बाई असतील?"

"असतील," म्हणाला.

२३ एप्रिल, बुधवार

एकतीस वेळा म्हणालो. एकही चालला नाही.

कानसेनाच्या खोलीत भिंतींना करडा फोम लावला आहे. काचेपलीकडे तो मान हलवत राहिला. "रडका." "हा नाटकातला." "हा तर सोन्याच्या गळ्याचा भाऊ." बाविसाव्याला म्हणाला, "हा असा म्हटलात की तुम्हाला काहीतरी हवंय हे सगळ्या गावाला कळतं. ते बाईंनी दाखवायचं. तुम्ही नाही."

एकतिसाव्यानंतर त्याने चहा मागवला. मग दार उघडून बाई आल्या. कप्तानाचा पोशाख, पायात साध्या सपाता. माझ्यासमोरच्या खुर्चीवर बसल्या. इतक्या जवळून पहिल्यांदाच अख्ख्या दिसल्या. वाटल्या होत्या त्याहून ठेंगण्या आहेत. एका भुवईवर जुना व्रण आहे, तो मी कुठल्याच छिद्रात जोडला नव्हता.

"तुम्हाला काढायला मीच सांगितलं," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या कुणाकडून कळायला नको होतं."

"हरकत नाही."

"मी घाबरले त्या दिवशी. तुमचा दोष नाही. तुम्हाला कसं सांगू... तुमच्या आवाजात कुणी नसायचं. एकदम रिकामा. मला तिथे माझ्या माणसाला बसवता यायचं. चार वर्षं रोज त्या जाळीत मी एकाच माणसाला बसवत आले. आणि त्या दिवशी बघते तर तिथे तुम्ही."

मी विचारलं, "कोण माणूस?"

"ते मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही." त्या उठल्या. दाराशी वळून म्हणाल्या, "वाईट वाटून घेऊ नका. नसणं फार थोड्यांना जमतं. तुम्हाला जमत होतं."

कानसेन म्हणाला, आज राहू द्या, उद्या सकाळी बघू.

घरी येईपर्यंत बाईंच्या बोलण्याचे सगळे अर्थ लावून पाहिले. एकातही मी नव्हतो.

संध्याकाळी टेबलाशी बसून सराव करत होतो. नको. नको. ही चष्मा पुसत उभी होती.

"काय चाललंय?"

सांगितलं. कोरडं येत नाही म्हणालो. एकतीस वेळा.

"कुठला शब्द?"

"नको."

ती माझ्याकडे बघत राहिली. "एवढंच? घरी तर छान म्हणतोस."

"म्हणजे काय?"

"मला म्हणतोस तसं म्हण."

मला काही कळलं नाही. मी कागदावर परत तो शब्द बघत होतो. ती ओट्याशी गेली. पाठ माझ्याकडे. भांडं घेतल्याचा आवाज आला.

"चहा टाकू?"

"नको," मी म्हणालो.

"हा," ती म्हणाली. "हाच."

२४ एप्रिल, गुरुवार

कानसेनाने बटण दाबलं. मी डोळे मिटले आणि ओटा आठवला. भांड्याचा आवाज आठवला.

"नको."

त्याने हेडफोन काढून ठेवले. "वा," म्हणाला. "आत चिटपाखरू नाही. कुठून आणलंत हे?"

घरून, म्हणालो. तो हसला. मीही हसलो.

१७ जून, मंगळवार

लिहिण्यासारखं काही घडत नाही. एका शाळेच्या नाटकाला प्रॉम्प्टर हवा होता, जाऊन आलो. त्यांना पाठांतर आहे. प्रॉम्प्टर लागला नाही.

हिने सात वाजता टेबलाशी बसणं सोडलं आहे. दुकानातून उशिरा येते. विचारलं तर म्हणते, लग्नसराईत लोकांना नवे चष्मे लागतात.

६ सप्टेंबर, शनिवार

शेवटचा भाग आज लागला.

ही बघायला बसली. स्वतःहून. मला वाटलं नव्हतं. दोन खुर्च्या, मध्ये टेबल, समोर टीव्ही. रस्त्यावर माणूस नव्हतं. समोरच्या इमारतीत प्रत्येक खिडकीत तोच निळा उजेड.

सोन्याचा गळा नेहमीसारखाच. मुरलेला, भारदस्त. मध कालवल्यासारखं बोलतो. कप्तान पेट्यांमधून चालत गेली, एकेका माणसाचं नाव वाचत. मग भिंतीशी आली. ती भिंत, ती जाळी. फुली दिसू नये म्हणून बाईंनी तिच्यावर तळवा ठेवला होता. दुसरा हात कळेवर.

"मी विझवते आहे," त्या म्हणाल्या.

आणि टीव्हीतून मी म्हणालो, "नको."

मी. सोन्याचा गळा नव्हे. तो एक शब्द त्यांनी माझाच ठेवला. मला कुणी सांगितलं नव्हतं. इतका वेळ त्या मऊ आवाजानंतर अचानक हा कोरडा, उघडा, कशानेही न झाकलेला शब्द. बाईंच्या चेहऱ्यावर जे झालं ते मी त्या सेटवर कधी पाहिलं नव्हतं. चार वर्षं ज्याची वाट पाहिली ते ऐकल्यासारखं. समोरच्या इमारतीत कुणीतरी मोठ्याने हुंदका दिला. मग सोन्याचा गळा: "होय, कप्तान." दिवे गेले.

मी हिच्याकडे बघितलं. ती पडद्याकडेच बघत होती.

"हा माझा आहे," ती म्हणाली.

"काय?"

"तो नको. तो माझा आहे. चहाचा."

आणि हसायला लागली. मला वाटलं थांबेल. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली, चष्मा काढून ठेवला, पदराने डोळे पुसले, पुन्हा हसली. मग उठून आत गेली आणि दार लोटून घेतलं. नावं वर सरकत होती. माझं नव्हतं.

१४ सप्टेंबर, रविवार

तो शब्द सगळीकडे झाला आहे. तरुण पोरंपोरी सदऱ्यांवर छापून फिरतात. वर्तमानपत्राने लिहिलं, पडद्यावरचा सर्वांत प्रामाणिक प्रेमाचा उच्चार. कानसेनाचा फोन आला, "भिंतराव, तुम्ही अमर झालात, फक्त कुणाला माहीत नाही."

ही सांगत होती, दुकानात एक जोडपं आलं होतं. मुलगी फ्रेम लावून बघायची आणि मुलगा दर वेळी यानासारखं "नको" म्हणायचा. त्या आवाजात. अगदी तसाच. मुलगी लाजायची आणि त्याचा हात धरायची.

"सगळ्यांना त्यात प्रेम ऐकू येतं," ही म्हणाली.

"हो."

"मी बावीस वर्षं ऐकते आहे. मला कसं नाही ऐकू आलं?"

मी म्हणालो, शब्दात काही नसतं. आधी चार वर्षांची गोष्ट आहे, बाईंचा चेहरा आहे, ते लोक त्यात भरतात. शब्द रिकामाच असतो. कोरडा असला तरच भरता येतो.

"मीही भरतच होते की," ती म्हणाली.

मला वाटलं ती वाचनाचं बोलते आहे. तसं तिने बरंच शिकून घेतलं होतं. तेच म्हणालो तिला.

२१ सप्टेंबर, रविवार

ही सकाळी ताईकडे गेली.

कालच म्हणाली होती, "मी ताईकडे जाते आहे." किती दिवस विचारलं तर बघू म्हणाली. मोठी बॅग घेतली. ताईकडे थंडी लवकर पडते, त्यामुळे गरम कपडे असणार.

मी टेबलाशी वर्तमानपत्र वाचत होतो. तिने चपला घातल्या, दार उघडलं. बॅग बाहेर ठेवली. आणि तिथेच उभी राहिली, वळून, माझ्याकडे तोंड करून.

वाक्य विसरलेला नट कसा उभा राहतो ते मला माहीत आहे. वजन एका पायावर. ओठ किंचित उघडे. बघतो समोर, पण सगळा जीव कानात. विंगेतून काय येतं तिकडे. एकोणीस वर्षं मी अशी माणसं बघितली आहेत. ही तशी उभी होती. तिला काहीतरी हवं होतं आणि ते माझ्याकडून यायला हवं होतं, एवढं मला स्पष्ट दिसलं. मी मनात मोजलं. एक. दोन. तीन. चार. चारच्या पुढे प्रॉम्प्टरने थांबायचं नसतं.

मी हळू, कोरडं म्हणालो, "किल्ली."

तिने ओठ मिटले. "हो," म्हणाली. "बरं झालं आठवण केलीस."

पर्समधून घराची किल्ली काढली, दाराजवळच्या खुंटीवर अडकवली आणि गेली.

मला म्हणायचं होतं, घेतलीस का. तिने उलट ऐकलं. हाक मारेपर्यंत ती जिना उतरली होती.

आता ती परत येईल तेव्हा दार उघडायला घरात कुणीतरी हवं. मी आहे.